सारं खाली भेटते, साहेब

सन एकोणीसशे त्र्याहत्तर. माझं वय तेव्हा बेचाळीस. काळी सायकल, काळी छत्री, आणि नागपुरातले घरमालक मला लांबून पाहिलं की आधी दार अर्धं लावून घ्यायचे, मग बोलायचे. कारण मी साधा घरांचा दलाल नव्हतो. सरकारी कचेऱ्यांना भाड्याची जागा पाहून देणारा दलाल होतो.

हा धंदा आजच्या लोकांना ठाऊक नाही म्हणून सांगतो. सरकारची खाती वाढतात, तशा इमारती वाढत नाहीत. मग खातं भाड्याचं घर शोधतं. साहेब पेपरात जाहिरात देतो. जाहिरातीला कोणी कुत्रं विचारत नाही. मग चपराशी येतो, "साहेबानं बोलावलं." बोलावलं म्हणजे नेमलं. पण कागदावर नाही. सरकारच्या कागदात दलाल नावाचा प्राणीच नसतो. दलाली द्यायची ती मालकानं. करारनामासुद्धा आधी होत नाही. आधी जागेचा ताबा, मग सामान, मग कधीतरी साहेबलोकांना सवड झाली की करार. तोवर सगळा कारभार जबानीवर. एका बाजूला साहेबाची जबान, दुसऱ्या बाजूला मालकाची, आणि मधात मी.

त्यात आमच्याकडचा भाड्याचा कायदा असा की घर रिकामं झालं की मालकानं कलेक्टर कचेरीत कळवायचं. मग त्यात कोणाला ठेवायचं ते सरकार ठरवणार. म्हणून घर रिकामं असलं तरी मालक भरलेलं दाखवायचे. महालातल्या एका गृहस्थांनी कुलूपबंद घराच्या ओसरीत रोज ओलं धोतर वाळत घालायचा नेम केला होता. मी त्या गल्लीतून नेहमी जायचो. मी म्हटलं, "तुमचे भाडेकरू भल्ले स्वच्छ दिसतात. पण त्यायच्याजवळ धोतर एकच हाये का? अन् ते घालतात कवा?" त्यांनी मला चहा पाजला. घर मात्र दिलं नाही.

दोष त्यांचाही नव्हता. सरकारची माणसं वाईट नसतात, पण सरकारचं कपाट वाईट. माणूस उठतो, बदली होते, घरी जातो. कपाट हलत नाही. एकदा का लोखंडी कपाट उंबऱ्याच्या आत गेलं की ताबा झाला, आणि ते बाहेर काढायला कोर्टात मालकाच्या चपला झिजतात. हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मालकांना ठाऊक नव्हतं. तरी मी त्यांना सांगायचो, "काही होत नाही, द्या." तो माझा धंदा होता.

तर त्या वर्षी एका खात्याचे नवीन साहेब पुण्याहून आले. देवस्थळी त्यांचं आडनाव. खात्याचं नाव मी लिहीत नाही. जुन्या जागेच्या मालकानं कोर्टातून हुकूम आणला होता, त्यामुळे साहेबांना घाई. त्यांनी गावातल्या तीन दलालांना एकाच वेळी बोलावून बाकावर बसवलं, जशी काही नोकरीची मुलाखत.

मला विचारलं, "शिक्षण?"

"चौथी. मास्तरनं मारलं, मंग मीच मास्तरले सोडलं."

"आम्हाला स्टेशनजवळ, सायकल ठेवायला अंगण असलेली, महिनाभरात जागा हवी. मिळेल?"

बाकीचे दोघं आधीच "हो साहेब, हो साहेब" म्हणून मोकळे झाले होते. मी म्हटलं, "नाई भेटणार."

"का?"

"तुमच्या खात्याले कोण देईन? पहिल्या मालकाले कोर्टात जा लागलं, हे साऱ्या शयरले ठाऊक हाये. भेटन तं माह्या शब्दावर भेटन. तुमच्या नाई."

साहेब थोडे तापले. मग त्यांनी त्या दोघांना घरी पाठवलं आणि मला ठेवलं.

मी रामदासपेठेत गेलो. तिथे अनसूयाबाई म्हणून एक विधवा बाई राहायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही. त्यांचा दुमजली बंगला दवाखान्यांच्या मधातच. वरच्या मजल्यावर भाडेकरू. खालच्या मोठ्या खोलीत मावशीची खानावळ, मागे स्वयंपाकघर आणि त्यांची झोपायची खोली. खानावळीत जेवायला कोण? दवाखान्यात भरती असलेल्यांचे नातेवाईक. कुहीकडचे, खापरखेड्याचे. पेशंटसाठी वरणाचं पाणी, मऊ भात, तेही मावशीच डब्यात भरून द्यायच्या. मी स्वतः कुहीकडचा. माझ्या बापाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिथेच जेवलो होतो. घरी बसून उसासे टाकणारी ती बाई नव्हती. पोळपाट घेऊन उभी राहणारी होती.

वरचे भाडेकरू बदली होऊन जाणार होते. मी म्हटलं, "मावशी, वरचा मजला सरकारले द्या."

"काहून गा, माह्या जिवावर उठला का? सरकार वरून खाली उतरते. पहिले जिना घेते, मंग अंगण, मंग चूल."

"तुमच्या चुलीपावतर सरकार येणार नाई."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो. माही जबान."

मावशीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कागद नको मले. जबान देल्ली ना? पाळ मंग."

साहेब जागा पाहायला आले. खाली मावशीकडे चहा घेतला, खानावळीची मोठी खोली पाहून "वा, ऐसपैस आहे" म्हणाले. मग आम्ही वर गेलो. पुढच्या दोन खोल्या मोकळ्या झाल्या होत्या, मागच्यांत भाडेकरूच्या ट्रंका, गाद्या पडल्या होत्या. साहेब गॅलरीत उभे राहून म्हणाले, "वर आम्ही बसू. बाकीचं काय?"

मी म्हटलं, "पंधरा तारखेले सारं खाली भेटते, साहेब."

"नक्की?"

"जबान."

साहेब खूश झाले. एवढ्या भाड्यात एवढी जागा, म्हणाले. मीही खूश झालो. दोघंही हसत जिना उतरलो.

मे महिन्याची पंधरा तारीख. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. दुपारच्या जेवणाची वेळ. मी मावशीच्या फाटकाशी पोचलो तर दोन ट्रक उभे. कपाटं, टेबलं, दप्तराचे लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. आणि हमाल पहिलं कपाट घेऊन जिन्याकडे न जाता सरळ खानावळीच्या दाराकडे चालले होते. आत पंगत बसलेली. मावशी हातात झारा घेऊन उंबऱ्यावर उभ्या.

"सीताराम!" त्या ओरडल्या. "हे काय होऊन राहिलं गा?"

मी सायकल तशीच टाकली आणि कपाटाच्या समोर गेलो. "वर! वर न्या! इकडं कोठं चालले?"

हमालांचा मुकादम म्हणाला, "साहेबाचा हुकूम हाये. वर टेबलं, दप्तर खाली."

तेवढ्यात साहेब आले. घामानं निथळत होते. "काय चाललंय? ही माणसं अजून इथे कशी? आज जागा मिळणार होती ना?"

"भेटली नं जागा. वरची."

"वरची आणि खालची!"

"खालची कोण देल्ली?"

"तू दिलीस! तू मला गॅलरीत उभा राहून म्हणालास, सारं खाली मिळेल!"

"म्हटलं! आताबी म्हणतो! सारं खाली भेटलं का नाई? जाऊन पाहा वर, एक ट्रंक राहिली नाई!"

"वर कशाला पाहू? मी खालचं बोलतोय!"

"मीबी खालीचंच बोलून राहिलो!"

असा आमचा वाद चालला होता. रस्त्यावर माणसं जमली. साहेब मला फसव्या म्हणाले. मला आजवर कोणी फसव्या म्हटलं नव्हतं. हट्टी म्हटलं, अडाणी म्हटलं, फसव्या नाही. माझे कान तापले. साहेबांनी मुकादमाला सांगितलं, "त्याच्याकडे लक्ष देऊ नका. कपाट आत घ्या."

तेव्हा मावशी ओरडल्या, "खबरदार! ट्रक खाली करू नका कोणी!"

साहेब चिडून म्हणाले, "अहो बाई, ट्रक खालीच आहे! तो वर कसा जाईल?"

मुकादम हसला, पण साहेबाकडे पाहून त्यानं हसू गिळलं. माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्याकडे खाली म्हणजे रिकामं. डबा खाली, ट्रक खाली, घर खाली. साहेबाच्या पुण्यात खाली म्हणजे तळमजला. मी म्हटलं होतं, वरचं सगळं रिकामं मिळेल. त्यांनी ऐकलं, खालचं सगळं मिळेल.

मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी रुमालानं मान पुसली. म्हणाले, "मग मराठीत रिकामं म्हणायचं ना."

"हेबी मराठीच होय. नागपुरात जागा पायजे तं नागपूरचं आयका लागते."

मी चूक कबूल केली नाही. आजही करत नाही. पण कोणाचीही चूक असो, वर टेबलांपुरतीच जागा होती आणि दोन ट्रक दप्तर काही हवेत तरंगणार नव्हतं. साहेब मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. आता त्यांचा आवाज साहेबाचा राहिला नव्हता. "सीताराम, जुन्या जागेला संध्याकाळी कोर्टाचा माणूस कुलूप लावणार. उद्या मुंबईहून मोठे साहेब येतायत. दप्तर रस्त्यावर दिसलं तर मी घरी बसलो. फक्त आजच्या दिवस त्या खोलीत ठेवू दे. उद्या बघू."

उद्या बघू. हे दोन शब्द मी वीस वेळा मालकांना पटवून दिले होते, आणि त्यांचा उद्या किती वर्षांनी येतो तेही पाहिलं होतं. साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण साहेबांची बदली होणार होती, आणि कपाटाची होत नाही.

मी मावशीकडे पाहिलं. मी काय उत्तर देतो यावरच त्यांचं घर टिकणार होतं. कोर्टकचेरी करायला त्यांच्याकडे माणूस नव्हता. ती खोली गेली की खानावळ गेली, आणि खानावळ गेली की वरच्या भाड्यावर सरकार कधी पैसे धाडतं याची वाट पाहत बसायचं.

मावशी पदर खोचून साहेबासमोर आल्या. आवाज एकदम गोड. "साहेब, तुमी मोठे लोक. पण जेवतं माणूस पाटावरून उठवत नाई कोणी. हे घासावर बसले हायेत. त्यायचं होऊ द्या. मंग पाहा तुमी काय ते."

साहेब त्या बाबतीत जुन्या वळणाचे निघाले. म्हणाले, "नाही नाही, जेवण होऊ द्या."

मावशी माझ्या जवळून जाताना पुटपुटल्या, "पंगत मी चालू ठेवतो. तू जागा पाह्य. जबान तुही हाये, माही नाई." आणि हमालांकडे वळून, "काहून उभे उन्हात? हात धुवा. बसा. आज कोणी उपाशी जाणार नाई."

मी सायकल उचलली. धंतोलीत एका डॉक्टरांचा बंगला मोकळा पडला होता. डॉक्टर झोपलेले, बाईंनी जाळीच्या दारातूनच सांगितलं, "सरकारला? नको." पुढे एका ठेकेदाराचं गोडाऊन. त्यानं दोन्ही हात जोडले. "भाऊ, तुमी आले का माह्या बायकोले ताप येते." एका मास्तरांनी तर मला पाहून आतून कडी लावली. मी कडीचा आवाज ऐकला. मी त्यांच्या दारावर ओरडलो, "मास्तर, कडी लावल्यानं घर भरत नाई!" पण त्यांनी ती काढली नाही.

मधात एकदा मावशीकडे चक्कर मारली. खानावळ गच्च भरलेली. हमाल, ट्रकवाले, दवाखान्यातले लोक, रस्त्यावर जमलेले बघे, सगळे पानावर. मुकादम एकच पोळी केव्हाची कुरतडत होता. मावशी वाढत होत्या, "घे गा, वरण घे, लाजू नको. बसला तं बस." साहेब अंगणातल्या खुर्चीवर घड्याळ पाहत. त्यांच्यासमोर पन्ह्याचा ग्लास, त्याला त्यांनी हात लावला नव्हता. मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कणीक सरली. आता भातावर हाये. लवकर पाह्य."

मी पुन्हा निघालो. अजनीकडच्या चौकात पानठेल्यावर एक ओळखीचे घरमालक उभे होते. मी त्यांनाही विचारलं. ते पिंक टाकून म्हणाले, "सीतारामभाऊ, साऱ्या नागपूरले सांगता, द्या, काही होत नाई. तुमी अजनीले नवं घर बांधलं म्हणे. थे काहून नाई देत?"

पानठेलेवाला हसला. मी हसलो नाही.

अजनीचं घर बांधून वर्षही झालं नव्हतं. तीन खोल्या, पुढे मागे अंगण. माझी बायको कमळा दुपारभर त्या अंगणात असायची. त्या दिवशी तिनं बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. दोन्ही पोरी राखण करत होत्या. मी सायकल लावली आणि उभाच राहिलो.

"काय झालं?" ती म्हणाली. "तोंड काहून असं?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "तुमची जबान तुमी देल्ली. मले इचारून देल्ली का?"

"नाई."

"अन् घर माह्यं होय का नाई?"

"होय वं."

"सरकार मंग कवा जाईन इथून?"

दुसऱ्या कोणाची बायको असती तर मी म्हटलं असतं, काही होत नाही, लवकर जाईल. बायकोच्या तोंडावर मला ते बोलता आलं नाही. मी म्हटलं, "जाणार नाई लवकर."

तिनं बाजेचं एक टोक धरलं. "उभे काय राहिले? पहिले कुरडया उचला. तुमच्या सरकारच्या हमालायनं पाय देल्ला तं मी सोडणार नाई कोणाले."

मी मावशीकडे परत गेलो तेव्हा पंगत संपत आली होती. दोघं-तिघंच पानावर, तेही उगाच बोटं चाटत. साहेब उठून उभे राहिले होते. मी म्हटलं, "टेबलं वर चढवा. दप्तर अजनीले."

"कुठे? मालक कोण?"

"मी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मुकादमाला म्हणाले, "चला." पुढे मला "तुम्ही" म्हणून विचारलं, "तुम्ही कुठे राहाल?" मी म्हटलं, "उन्हाळा हाये. अंगणात." 

मावशी उंबऱ्यावर बसल्या होत्या. दिवसभरात पहिल्यांदा बसल्या असतील. मला म्हणाल्या, "जेवला का गा?" मी जेवलो नव्हतो. भांड्यात खरवडून काढलेला भात होता, तो त्यांनी मला वाढला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. आभार वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मलाही ते नको होतं.

संध्याकाळपर्यंत माझ्या तिन्ही खोल्या छतापर्यंत भरल्या. देवाचा कोनाडा तेवढा कमळानं सोडायला लावला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना कपाटं. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. मावशीची खानावळ त्या हयात असेपर्यंत चालली. देवस्थळी साहेबांची बदली झाली. त्यांच्यामागून बरेच साहेब आले आणि गेले. दप्तर राहिलं. माझ्या थोरलीचं लग्न मी भाड्याच्या घरातून केलं. मांडव घालायला तिथे अंगणही नव्हतं. कमळा मला त्यावरून कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. लोक विचारतात, तुम्ही कोर्टात का नाही गेलात? मी कोणत्या तोंडानं जाणार? मी सरकारचा दलाल. जबान माझीच होती.

दप्तर आलं त्या रात्री आम्ही चौघं अंगणात झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, दोन खोल्या पाहायला निघालो. आमच्याच गल्लीच्या टोकाला एकाच्या मागच्या खोल्या मोकळ्या असल्याचं मला ठाऊक होतं. कडी वाजवली. त्यानं दार अर्धं उघडलं.

"नाई, भाऊ. सरकारले द्याचं नाई मले."

"सरकारले नाई," मी म्हटलं. "मले पायजे. मी, बायको, दोन पोरी."

"तुमी पहिले याल, अन् मांगून कपाट येईन," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

मी छत्री मिटली, भिंतीला टेकवली आणि त्याच्या पायरीवर बसलो.